चाक हेही एक मापच आहे



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून अशा व्यासपीठांवर धर्म, इतिहास, अर्थकारण, वाङ्मय असे भारदस्त विषय मांडले जात आले आहेत. त्या पंगतीला आम्ही आज मोटारीचा टायर आणून बसवीत आहोत, याचे कोणास हसू आले तर त्यात नवल नाही. परंतु काशीमीऱ्याच्या माणसाने तरी टायरला हलके लेखू नये. हे गावच रस्त्यांच्या गाठीवर वसलेले आहे. ठाण्याकडून गायमुखचा घाट ओलांडून येणारा घोडबंदर रस्ता येथे मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो, आणि रात्रंदिवस ट्रक, टेम्पो, टॅक्सी, रिक्षा यांची रीघ लागलेली असते. या रस्त्यावर ज्यांची चूल पेटते ते चालक, क्लीनर, फिटर आणि पंक्चर काढणारी पोरे यांच्यात आमचे आयुष्य गेले. आमची शाळाही तीच.

या मंडळींकडून आम्हांला वारंवार एक प्रश्न विचारला जातो. कंपनीने दिलेले टायर झिजले. टायरवाला म्हणतो, त्या नंबरचा माल नाही, पण यापेक्षा रुंद आहे, रिमवर बसतो, गाडी दिसेलही छान. घालावा की न घालावा? याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येत नाही. ते देण्यापूर्वी टायर म्हणजे काय हे समजून घ्यावे लागते. लोक टायरला रबराचे कडे समजतात. आमचे म्हणणे असे की, टायर हे एक माप आहे, जसे शेर-पायली हे माप, जसा कापडवाल्याचा गज हे माप. माप बदलले की त्याच्या आधाराने चाललेले सगळे व्यवहार बदलतात.

प्रथम टायर वाचावयास शिकू. त्याच्या बाजूवर अक्षरे आणि आकडे उमटवलेले असतात. उदाहरणार्थ १६५/८० आर १४, आणि त्यापुढे ८५ टी. यातला १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची. पण ती मिलिमीटरमध्ये नव्हे, तर रुंदीच्या शेकडा ८०. 'आर' म्हणजे रेडियल. जुन्या टायरांत आतले धागे तिरपे, एकमेकांना छेदून जात. रेडियलमध्ये ते या काठापासून त्या काठापर्यंत सरळ, चाकाच्या आऱ्यांसारखे घातलेले असतात. मिशेलिन या फ्रेंच कारखान्याने १९४६ साली त्याचे पेटंट घेतले. शेवटचा १४ म्हणजे ज्या रिमवर टायर चढतो तिचा व्यास, आणि हा मात्र इंचात.

एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असा तिहेरी कारभार पाहून कोणीही गोंधळेल. पूर्वी सगळे इंचातच असे. २०२३ साली मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची निवृत्त झालेली प्रीमियर पद्मिनी टॅक्सी आठवा. तिच्या टायरवर ५.२०-१४ असे लिहिलेले असे. आपल्या देशात दशमान वजनमापे १ ऑक्टोबर १९५८ पासून व्यवहारात येऊ लागली, तरी मोटारीची रिम अजून इंच सोडावयास तयार नाही.

आता चाकाची पूर्ण उंची काढू. १६५ चे शेकडा ८० म्हणजे १३२ मिलिमीटर. ही झाली एका बाजूची भिंत. चाकाला ती वर एक आणि खाली एक अशी दोनदा मोजावी लागते, म्हणून २६४. रिम १४ इंच, म्हणजे गुणिले २५.४, म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. बेरीज ६१९.६ मिलिमीटर. चौथीच्या मुलाला जमेल असे हे गणित आहे, आणि आमच्या अनुभवाने सांगतो, टायर विकत घेणाऱ्या शंभरांतले नव्वद जण ते करीत नाहीत.

हेच गणित घेऊन एक खरे उदाहरण पाहू. टॅक्सीच्या धंद्यात मारुतीची डिझायर ही गाडी सर्वत्र दिसते. तिच्या साध्या नमुन्याला कारखान्याने १६५/८० आर १४ टायर दिले आणि वरच्या नमुन्याला १८५/६५ आर १५. दुसऱ्याची उंची काढली तर ती भरते ६२१.५ मिलिमीटर. म्हणजे टायर वीस मिलिमीटरने रुंद झाला, रिम एक इंचाने मोठी झाली, पण चाकाची उंची बदलली अवघी दोन मिलिमीटर, हजारी तीन. कारखान्याच्या इंजिनियरांनी रुंदी वाढवताना भिंत बेताने कमी केली. माप बदलण्याची शास्त्रशुद्ध रीत ही आहे.

उलट, दुकानात कधी काय घडते? १४ इंची रिम तशीच ठेवून तिच्यावर १७५/६५ आर १४ चढवतात. रिमवर तो चोख बसतो, हवा धरतो, रुंदही दिसतो. पण त्याची उंची भरते ५८३.१ मिलिमीटर. शेकडा जवळजवळ सहा कमी. नुसत्या डोळ्यांना हे कळत नाही. गाडीला मात्र लगेच कळते.

कसे कळते ते ऐका. गाडीला रस्ता दिसत नाही. चाकाचे फेरे तेवढे तिला मोजता येतात. ६१९.६ मिलिमीटर उंचीचे चाक एका फेऱ्यात साधारण १ मीटर ९४६ मिलिमीटर पुढे जाते, म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ५१४ फेरे. (वजनाखाली टायर किंचित दबतो, त्यामुळे प्रत्यक्षात फेरे थोडे अधिक भरतात, पण दोन टायरांच्या तुलनेत त्याने फारसा फरक पडत नाही.) गाडीच्या यंत्राला कारखान्यात शिकवलेले असते की, इतके फेरे झाले की एक किलोमीटर मांड. लहान चाक बसवले तरी यंत्र ५१४ फेऱ्यांनाच किलोमीटर मांडते. पण तेवढ्या फेऱ्यांत गाडी चाललेली असते ९४१ मीटर. उरलेले ५९ मीटर गाडी न चालताच कागदावर चढतात.

वाण्याच्या पारड्याखाली चिकटवलेल्या चिंचेची गोष्ट तुम्ही सर्वांनी ऐकली आहे. ही तशीच चिंच आहे. फरक इतकाच की, ती चिकटवणाऱ्यालाही अनेकदा ठाऊक नसते. समजा, एका कुटुंबाने किलोमीटरमागे १२ रुपयांप्रमाणे गाडी ठरवली आणि शिर्डी व आसपासची देवस्थाने करून ती परतेपर्यंत रस्ता झाला ५०० किलोमीटर. लहान टायरच्या गाडीचे यंत्र दाखवील ५३१. पाहुण्यांच्या खिशातून ३७२ रुपये जास्त गेले, आणि मागितले कोणी? चालकाने. तो बिचारा यंत्रात वाचले ते प्रामाणिकपणे सांगतो आहे. उद्या एखाद्या चलाख गिऱ्हाइकाने मोबाइलवर अंतर मोजून पाहिले, तर चोर म्हणून नाव निघेल ते चालकाचे. टायर निवडणाऱ्या मालकाचे नव्हे, आणि विकणाऱ्या दुकानदाराचे तर नव्हेच.

रिक्षा आणि काळी-पिवळी टॅक्सी यांच्या मीटरचीही हीच कथा. तेही चाकाच्या फिरण्यावरूनच अंतर मोजतात. मुंबई महानगर प्रदेशात फेब्रुवारी २०२५ मध्ये पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे रिक्षाला २६ आणि टॅक्सीला ३१ रुपये ठरले, तेव्हा सगळ्या मीटरांची नव्याने जुळवणी करून घ्यावी लागली. हे मीटर तपासून त्यावर मोहोर लावणारे खाते कोणते, ठाऊक आहे? वैधमापनशास्त्र खाते, म्हणजे जे वाण्याचा तराजू आणि पेट्रोलपंपाचे माप तपासते तेच. सरकारने मीटरला तराजूच्या रांगेत बसवले आहे. मग ज्या चाकावर मीटर चालतो, त्या चाकाला आपण वजनाचा दगड का मानू नये? मोहोर मीटरवर आहे, चाकावर नाही. चाकाची मोहोर आपल्या सदसद्विवेकावर सोडलेली आहे.

कोणी म्हणेल, आता मोबाइलवरून बोलावण्याच्या टॅक्सीत अंतर उपग्रहावरून मोजतात, तेथे टायर लहान काय आणि मोठा काय! भाड्यापुरते हे खरे आहे. परंतु तेल बदलण्याचे, सर्व्हिसिंगचे, वॉरंटीचे आणि पुढे गाडी विकण्याचे हिशेब गाडीच्या यंत्रावरच होतात. शिवाय वेग आणि भार हे उपग्रह सांभाळीत नाही.

आधी वेगाचे पाहू. चाक उंच बसवले की वरच्या हिशेबाची बाजू उलटते. काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. शेकडा पाच उंच चाक असेल, तर काट्यावर ८० दिसताना गाडी ८४ ने धावत असते. टॅक्सीला जो वेगनियंत्रक बसवलेला असतो, तोही याच आकड्यावर विसंबतो, तोही फसतो. कारखाने काटा मुळातच किंचित पुढे ठेवतात, म्हणजे खऱ्या वेगापेक्षा थोडा अधिक दाखवणारा, त्यामुळे शेकडा एक-दोनाचा फरक पोटात जातो. त्यापुढचा जात नाही. टायरही झिजतो, हेही ध्यानात घ्या. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते आणि कायद्याने ती १.६ मिलिमीटरपर्यंत झिजू द्यावयाची. एवढ्या झिजेने आमच्या उदाहरणातले चाक जवळजवळ १३ मिलिमीटरने, म्हणजे शेकडा दोनाने लहान होते. धंद्यातले जाणकार टायर बदलताना उंचीत शेकडा तीनापेक्षा अधिक फरक नको म्हणतात, त्याचे मर्म यात आहे. लहान टायर बसवणाराने हे विशेष ध्यानात ठेवावे. त्याच्या फरकात झिजेचे दोन टक्के पुढे मिळवावयाचे असतात.

आता भार. आमच्या मते सर्वांत कमी समजलेली गोष्ट हीच. १६५/८० आर १४ च्या पुढे जो ८५ हा आकडा असतो, तो भारांक. ८५ म्हणजे एका टायरने ५१५ किलो पेलावेत. १७५/६५ आर १४ वर बहुधा ८२ लिहिलेले असते. त्याचा अर्थ ४७५ किलो. म्हणजे टायर रुंद झाला आणि ताकद मात्र चाळीस किलोंनी घटली! चार चाकांवर १६० किलो. हे उलटे कसे? कारण भार रबर पेलीत नाही. रबरात कोंडलेली हवा पेलते. भिंत बुटकी झाली की हवेला जागा कमी मिळते. पाच माणसे, टपावर सामान, पोटात गॅसची टाकी आणि वैशाखाचे ऊन अशा वेळी हा घटलेला भारांक आपला हिशेब मागतो. भारांकाच्या शेजारचे अक्षर वेगाचे: टी म्हणजे १९० किलोमीटरपर्यंत, एच म्हणजे २१०. समृद्धी महामार्गासारख्या लांब, सरळ, तापलेल्या रस्त्यावर टायर फुटल्याच्या बातम्या आपण वाचतो. तेथे हवेचा दाब, झीज आणि भार यांची परीक्षा एकाच वेळी होते.

रुंदीचे दोन शब्द. रुंद टायरने कोरड्या वळणावर गाडी ठाम राहते, हे आम्ही नाकारीत नाही. पण आपल्याकडे चार महिने रस्त्यावर पाणी असते. टायर पाण्याला बाजूला सारून रस्ता धरतो. रुंद टायरला एका वेळी अधिक पाणी सारावे लागते, आणि ते जमले नाही की गाडी पाण्याच्या थरावर तरंगते. मग ब्रेक दाबा की स्टिअरिंग फिरवा, गाडी ऐकत नाही. बुटक्या भिंतीचे आणखी एक दुखणे घोडबंदरच्या चालकांना सांगावयास नको. खड्ड्याचा दणका उंच भिंत स्वतः सोसते. बुटकी भिंत तो रिमला देते. रिम वाकते, भिंत कापली जाते, आणि उरलेला दणका सस्पेन्शनला व चालकाच्या कमरेला पोहोचतो. दहा-बारा तास बसणाऱ्या माणसाच्या कमरेची किंमत टायरच्या बिलात कोणी लिहीत नाही.

गाडी उंच दिसावी, गतिरोधकाला घासू नये म्हणून मोठे टायर घालणारेही पुष्कळ आहेत. त्यांनी हिशेब करून पाहावा. १९५/६५ आर १५ हे चाक ६३४.५ मिलिमीटर भरते, म्हणजे मूळ चाकापेक्षा १५ मिलिमीटर उंच. परंतु गाडी उचलली जाते त्याच्या निम्मीच, साडेसात मिलिमीटर. करंगळीच्या रुंदीइतकीही नाही. एवढ्यासाठी वळणावर चाक मडगार्डला घासण्याचा धोका, जड स्टिअरिंग आणि वाढलेले इंधन पत्करावयाचे का?

आणि स्टेपनी? वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावर १९०४ च्या सुमारास जादा चाकाचा धंदा निघाला; त्या रस्त्याचे नाव आपल्या फिटरांच्या तोंडी आजतागायत आहे. चारही टायर बदलून स्टेपनी जुन्याच मापाची ठेवली, तर पंक्चरच्या दिवशी एका आसावर दोन उंचीची चाके येतात. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना सक्तीचे झालेले चाक न अडकू देणारे ब्रेक हे चाकांचे वेग एकमेकांशी ताडून चालतात. त्यांना लंगडे चाक म्हणजे खोटा साक्षीदार.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे कारखान्याने ठरवून दिलेल्या आणि नोंदणीत आलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाने गाडीत करावयाचा नाही. केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कसोशीने लावले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. टायरचा आकार आणि ताकद गाडीच्या वजनाशी जुळली पाहिजे, यासाठी १९८९ च्या केंद्रीय नियमांत ९५ वा नियम स्वतंत्रपणे आहे. कायदा मालकाचे नाव घेतो. पण रस्त्यात शिट्टी वाजते ती चालकासाठी. अपघातानंतर विमा कंपनीने टायरवर बोट ठेवले, तर कोर्टाचे उंबरठे झिजवण्यात बुडते ती रोजीही त्याचीच.

येथे आम्ही आमच्या चळवळीच्या विषयाला येऊन पोहोचतो. गिरणगावात साचेवाल्याची मजुरी कापडाच्या मापावर ठरे. कापड विणणारा एक आणि मापणारा दुसरा. म्हणून माप कोणाच्या हाती, यावर कामगारांनी पिढ्यान्‌पिढ्या भांडणे केली. या मुंबईने टायरही घडवले आहेत. शिवडीला फायरस्टोनचा, भांडुपला सीएटचा कारखाना कामगारांच्या दोन-तीन पिढ्यांनी पाहिला. तेथल्या कामगाराने ज्या टायरवर भारांक उमटवला, तो आकडा म्हणजे अनोळखी प्रवाशाला दिलेला शब्द होता. तो शब्द रस्त्यावरच्या दुकानात, दोन-चारशे रुपयांच्या फरकापायी, पुसला जाऊ नये, इतकेच आम्ही मागतो.

मग माप कधीच बदलू नये काय? असे आमचे म्हणणे नाही. जुने माप बाजारातून नाहीसे होते; कधी कारखानाच त्या गाडीला दुसरे माप देतो. तेव्हा पाच गोष्टी पाहाव्यात. चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडला की खांबावर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. टायरचे माप आणि हवेचा दाब तीवर छापलेला असतो. ती पहिली वाचावी, आणि त्याच गाडीसाठी कारखान्याने दिलेले दुसरे माप असेल तर तेच निवडावे. दुसरे, उंचीचे गणित दुकानातच करावे. तिसरे, भारांक आणि वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा खालचे नसावे. चौथे, आपल्या रिमच्या रुंदीला तो टायर चालतो का, हे विचारावे. अरुंद रिमवर रुंद टायर फुगऱ्यासारखा बसतो आणि धड टेकत नाही. पाचवे, टायरवरचा चार आकडी जन्मदिनांक पाहावा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. आणि गाडी मीटरची असेल, तर टायरचे माप बदलल्यावर मीटर पुन्हा तपासून घेतल्याशिवाय एकही भाडे घेऊ नये.

मालकांना आमचे सांगणे असे की, दिवसाच्या बोलीवर गाडी देताना टायर कंपनीच्या मापाचे देणे ही तुमची जबाबदारी आहे. ती कागदावर लिहून द्या. दुकानदारांनी बिलावर नुसते 'टायर चार नग' असे न लिहिता पूर्ण माप व भारांक लिहावा. चालकांनी ते बिल गाडीच्या कागदांबरोबर ठेवावे. आणि येथे जमलेल्या श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी गाडी आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर दरवाज्याच्या खांबावरची चिठ्ठी आणि टायरवरची ओळ शेजारी शेजारी वाचावी. दोन्ही जुळल्या तर स्वस्थ झोपावे. नाही जुळल्या, तर पेन्सिल घेऊन बसावे. गणित चौथीचेच आहे.